लेकरांचे बोबडे बोल: तुमच्या घरी काय काय ऐकू येतं?

पऱ्हाटीचं_बोंड (दर्यापूर तालुका):
मुलं बोलायला लागतात तेव्हाचे शब्द वर्ष-दीड वर्षात पुसले जातात आणि नंतर घरातल्या कुणालाच ते नीट आठवत नाहीत. फोटो हजार असतात, शब्द एकही नसतो. म्हणून हा धागा. तुमच्याकडचे शब्द इथे लिहा, गावाच्या नावासकट.

सुरुवात माझ्या घरून. लेक सव्वादोन वर्षांची. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, बैलजोडी आणि अंगणभर कोंबड्या. तिचा पहिला शब्द आई नाही, बाबा नाही, तर 'हाट'. ओसरीवर कोंबडी चढली की सासूबाई हाट म्हणतात, ते तिनं उचललं. मग दूध नको असलं तरी हाट, आंघोळ नको तरी हाट, मावशी पापा घ्यायला आली तरी हाट.

सध्याचे शब्द: टॅक्टल (ट्रॅक्टर), तुत्ता (कुत्रा), पवाली (फवारणी), भेदल (भेदर, म्हणजे टोमॅटो), मिरोट (रिमोट). आणि संध्याकाळी अंधार झाला की 'लाई देली', म्हणजे लाईन (वीज) गेली. पाहुण्या बाईंनी विचारलं, "काय देली गं तुले?" तर तिनं पंख्याकडे बोट दाखवलं.

आता प्रश्न. असा चुकीचा शब्द दुरुस्त करावा की तसाच राहू द्यावा? सासरे म्हणतात बोलू द्या. जाऊबाई म्हणतात आत्ताच वळण लावलं नाही तर जीभ तशीच राहते. दोघंही मायेपोटीच सांगतात, म्हणून इथे विचारते.

संत्र्याची_फोड (वरूड):
लाईनवरून आठवलं. आमच्या पुतण्याचं पहिलं जोडवाक्य 'मोतल तालू', म्हणजे मोटर चालू. ओलिताच्या दिवसांत रात्रीची लाईन असली की घरातलं कुणी ना कुणी उठून बगिच्यात पळतं. तेच पाहत पोरगं मोठं झालं. त्याच्या आईला फार वाटायचं की पहिलं वाक्य आपल्याविषयी असावं. पण तो झोपेतून उठून बसायचा आणि 'मोतल तालू' म्हणून पुन्हा आडवा व्हायचा.

तर्री_पोहे (काटोल):
आमच्या भाच्याला गाडी म्हणता यायची नाही. ग चा द. 'दादी पायजे, दादी पायजे' म्हणून रडायचा. शेजारच्या घरात हिंदी बोलतात. तिथली आजी रोज धावत यायची, की पोरगं मला बोलावतंय. तो तिच्या कडेवर चढायचा आणि मोटारसायकलकडे बोट दाखवायचा. दोघांची दोस्ती अजून टिकून आहे.

बुढा_वऱ्हाडी (अकोट):
पोट्ट्याहो, पोरीहो, लय साजरी गोठ काढली.

माह्या नातवाले मांगच्या साली शेगावले नेलं होतं. रांगेत लोकं 'गण गण गणात बोते' म्हनत होते, तं हे पोट्टं माह्या खांद्यावरून जोरजोरात 'दन दन दनात बोते'. समोरची बुढी माय मांगं फिरली अन् त्याच्याच पाया पडली. थो बी हात वर करून बसला.

दुरुस्तीचं म्हनान तं नोका करू. दातं आले, जीभ वयली का आपोआप येते. माहा धाकटा भाऊ काकाले कितीक दिवस 'ताता' म्हने. आज थो गावोगावी कीर्तनं करते.

साताऱ्याची_सून (सेलू तालुका, वर्धा):
काका, 'वयली' म्हणजे 'वळली' ना? मग माझा एक खराखुरा प्रश्न आहे, कुणी हसू नका. माझा मुलगा केळ्याला 'केयं' म्हणतो आणि शाळेला 'शाया'. मी साताऱ्याची, म्हणून मला ते बोबडं वाटतं. पण घरात आजेसासरेही 'केयं'च म्हणतात आणि त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे. मग हे बोबडं की इथली बोली?

तर्री_पोहे:
आजोबांची जीभ अजून वयायची आहे, ताई.

बुढा_वऱ्हाडी:
केयंच हाये ते माय. आमच्या डोयाले केयं दिसते, हाताले केयं लागते, अन् खाल्लं तं गोड बी लागते.

जुन्या_शाळेचे_गुरुजी (अचलपूर):
या प्रश्नासाठीच लिहायला बसलो. थोडं लांबेल.

आपली वर्णमाला पाहा. क वर्ग कंठातून निघतो, मग तालू, मग मूर्धा, मग दात आणि शेवटी ओठ: प फ ब भ म. आपण आतून बाहेर येतो. लेकरू बरोबर उलटं चालतं. ते ओठांपासून सुरू करतं. म्हणून मंमं, बाबा, पापा, भू, माऊ. ओठ मिटले, उघडले, झाला शब्द. शिवाय आईचे ओठ समोर दिसतात, कंठ दिसत नाही. मग दातांजवळचे त, द, न येतात. क आणि ग साठी जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो, ते बऱ्याच मुलांना लवकर जमत नाही, म्हणून काकाचा ताता, गायीची दाय, गणातचं दनात. इथे जितके शब्द आले त्यातले बरेच याच एका नियमाने झाले आहेत. म्हणजे लेकरू काहीतरीच बोलत नाही, नियमाने बोलतं.

र आणि ळ बहुधा उशिरा येतात. र ला जीभ थरथरावी लागते, ळ ला ती मागे वळवून टाळूवर आपटावी लागते. म्हणून 'टॅक्टल'. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९४१ साली मुलांच्या उच्चारांचा असा क्रम मांडला होता. त्याचं सगळंच म्हणणं पुढे टिकलं नाही, पण ओठांचे आवाज आधी आणि र-ल चा खेळ उशिरा, हे कुठल्याही अंगणवाडीत बसून ऐकायला मिळतं.

आता 'केयं'. वऱ्हाडीत ळ चा य होतो, तोही मोठ्यांच्या तोंडी आणि पिढ्यान्‌पिढ्या: डोया, काया, शाया, सकायी. हा मुलाचा दोष नाही, त्याने घरातली भाषा अचूक उचलली आहे. सूनबाई, तुमच्या मुलाची जीभ उत्तम आहे, कारण जे कानावर पडलं तेच तो बोलतो. माझ्या वर्गात पहिलीची मुलं 'गुर्जी, मी शायेत येतो' म्हणायची. त्यांना 'असं नाही म्हणायचं' हे मी कधी सांगितलं नाही. 'हो, शाळेत ये' म्हणायचो. पुस्तकातला ळ मुलं वाचायला लागली की शिकतात, आणि घरी आजीशी बोलताना य पुन्हा येतो. दोन्ही राहू शकतात.

संत्र्याची_फोड:
गुरुजी, मग पाटीवर आधी प फ ब भ म गिरवायला द्यायला पाहिजे.

जुन्या_शाळेचे_गुरुजी:
बोलण्याचा क्रम वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा. पण गोष्ट मजेची आहे खरी.

धानाची_बांधी (साकोली):
आमच्या झाडीपट्टीत तर ण चाच पत्ता नाही. पानी, लोनी, कोन. लेकरू 'पानी' म्हणालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण सगळं घर पानीच पितं.

नाटकांच्या दिवसांतली गोष्ट सांगते. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात. वहिनी तीन वर्षांच्या पोरीला शालीत गुंडाळून घेऊन गेली. नाटक कळलं नाही, पण पडदा कळला. त्यानंतर घरात कुणी दार उघडलं की ती ओरडायची, 'पलदा उघलला!' आणि टाळ्या वाजवायची. माझा भाऊ वावरातून दमून आला तरी दारात थांबायचा. टाळ्या मिळाल्याशिवाय आत यायचा नाही.

मोहर्लीकडची (चंद्रपूर):
ताडोब्याच्या कडेला आमचं गाव. वनखात्याची गाडी येते, तिच्यावर वाघाचं चित्र. घरची छोटी त्याला 'मोठ्ठी माऊ' म्हणते. मांजर ती माऊ, मग वाघ मोठी माऊ, आणि अस्वलाचं चित्र दाखवलं तर 'काई माऊ', म्हणजे काळी. तिच्या आबाजींनी निक्षून सांगितलं की या एका शब्दाची दुरुस्ती आजच्या आज करा. आमच्याकडे मोठ्या माऊला हात लावायला जाणारं लेकरू परवडत नाही. आता ती 'वाद' म्हणते आणि आईच्या मागे लपते.

साताऱ्याची_सून:
हे मात्र पटलं. काही शब्द लगेच दुरुस्त करावेतच.

अंगणवाडीची_ताई (धारणी, मेळघाट):
माझा अनुभव थोडा वेगळा, कारण इथे घरातली भाषा कोरकू. आमच्याकडे खालच्या गावाहून एक बाई मदतीला आली होती. एक लेकरू तिच्याजवळ येऊन सारखं 'डा, डा' करायचं. तिला वाटलं दादा म्हणायचंय, म्हणून तिनं त्याच्या मोठ्या भावाला आणून शेजारी बसवलं. लेकरू अजून रडलं. कोरकूत पाण्याला डा म्हणतात. भावाला ते कळलं, त्यानंच पेला भरून आणला.

म्हणून माझं म्हणणं, मूल अडखळतंय असं ठरवण्याआधी त्याच्या घरी काय बोलतात ते विचारावं. गोंडी, कोरकू, कोलामी, माडिया, विदर्भात कितीतरी लेकरं दोन भाषा घेऊन अंगणवाडीत येतात. ती मागे नसतात. त्यांची घरची आणि दारची शिदोरी वेगळी असते, एवढंच.

तर्री_पोहे:
उलटसुलट शब्दांचं त्या 'मिरोट'शिवाय कुणी लिहिलंच नाही! आमच्याकडे डब्याला 'बडा', चाकूला 'काचू' आणि पायजम्याला 'पाजयमा'. भाचा जेवायला बसला की बडा मागायचा, आणि ताई बिचारी वडे तळायला घ्यायची.

जुन्या_शाळेचे_गुरुजी:
याला वर्णविपर्यय म्हणतात. मोठ्यांच्या बोलीतही तो आहेच. 'नुकसान'चं 'नुसकान' आपल्या गावात कोण म्हणत नाही? अवकाळी पाऊस झाला की साऱ्या गावाच्या तोंडी नुसकान.

ओसरीवरची (दारव्हा, यवतमाळ):
धागा हसतखेळत चाललाय, तरी मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण 'आपोआप येते' हे वाक्य वर आलं आहे.

माझा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द नव्हता. सगळे म्हणायचे मुलगे उशिरा बोलतात, त्याचा बापही उशिराच बोलला. एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आजेसासूबाईंनी वेखंड उगाळून लावलं, पोपटानं टोचलेला पेरू चारला, जिभेखालचा दोरा पाहून झाला. मला मात्र खटकत होतं की मागून ताट पडलं तरी तो वळत नाही. समोर आलं की हसतो, मागून हाक मारली की नाही.

अंगणवाडीत मुलं तपासायला आरोग्याचं पथक येतं, त्यात हे मी सांगितलं. त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे बेरा नावाची तपासणी झाली. झोपेतच डोक्याला तारा लावून कानाचं मोजतात, दुखत नाही. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. यंत्र लागलं, बोलणं शिकवणाऱ्या ताई मिळाल्या. त्याचा पहिला शब्द 'पाऊत'. टिनावर पाऊस वाजत होता, तो त्याला पहिल्यांदा ऐकू आला होता. त्या दिवशी आमच्या घरात कुणीही 'पाऊत नाही, पाऊस' म्हटलं नाही. सगळेच पाऊत म्हणत होतो.

बुढा_वऱ्हाडी:
पोरी, तुह्यं आयकून डोयाले पानी आलं. 'आपोआप येते' हे म्या लिवलं ते आयकू येनाऱ्या पोट्ट्यासाठी. जे वयून पाहत नाई त्याले दवाखान्यात न्या, वाट पाहू नोका.

सिस्टरताई_७ (उमरेड):
ओसरीवरच्या ताईंनी सांगितलं ते फार मोलाचं आहे. मी आरोग्य खात्यात आहे, म्हणून साधे ठोकताळे देते. वर्षाच्या आसपासपर्यंत बा-बा, दा-दा असा नादच नसेल, सोळा-अठरा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा बोलत होतं आणि थांबलं असेल, तर दाखवा. घाबरून जायचं नाही, पण दाखवायचं. ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. २०१३ पासून तो सुरू आहे आणि मोफत आहे.

बोबडेपणाचं म्हणाल तर दोन वर्षांच्या मुलाचं परक्या माणसाला साधारण निम्मं कळतं, तिसऱ्या वर्षी बरंचसं, आणि चारपर्यंत जवळजवळ सगळं कळायला हवं. सव्वादोन वर्षांची लेक 'टॅक्टल' म्हणते, ते अगदी वयाला साजेसं आहे.

आणि एक हात जोडून विनंती. बोलायला लागावं म्हणून तान्ह्या बाळाला मध चाटवू नका. वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही. त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते. पोपटाचा पेरूही नको, त्यावर पाखराची लाळ असते. वेखंडही नको.

संत्र्याची_फोड:
मोबाईलवरही लिहा सिस्टर. आमच्याकडचं पोरगं आता कार्टून पाहून 'मम्मा, देखो ना' करतं. त्याच्या आईला तो लेक अनोळखी वाटायला लागला आहे.

सिस्टरताई_७:
जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आत पडद्यासमोर बसवूच नये आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत. मोबाईल बोलतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. मूल बोलायला शिकतं ते समोरच्यानं आपलं ऐकल्यावर.

धानाची_बांधी:
मोठ्यांनी बोबडं बोलावं का, तेही सांगा कुणी. माझे सासरे नातीशी 'ताय तलते बालाले' असं बोलतात. मला आवडत नाही.

जुन्या_शाळेचे_गुरुजी:
लाडाचा सूर असू द्या, शब्द नीट असू द्या. हळू, गोड, ओढून बोललेलं लेकराला उचलायला सोपं जातं. पण आपणच 'ताय तलते' म्हटलं तर त्यानं नमुना कुणाचा घ्यायचा? भूभू, हम्मा, काऊ, चिऊ हे शब्द वेगळे, ते आपल्या आज्यांनीच घडवलेत. ते खुशाल वापरा.

ओसरीवरची:
आमच्या बोलणं शिकवणाऱ्या ताईंनीही हेच सांगितलं होतं. मुलगा 'पाऊत' म्हणाला की आम्ही म्हणायचो, 'हो, पाऊस आला. मोठा पाऊस आला.' त्याला पुन्हा म्हणायला लावायचं नाही. चिडवायचंही नाही. आता तो साडेचार वर्षांचा आहे. कालचं त्याचं वाक्य: दूध सांडलं, मी विचारलं कुणी सांडलं, तर म्हणाला, 'मी नाही सांडलं, ते सांडून रायलं होतं.'

तर्री_पोहे:
हा पोरगा सगळ्यांच्या पुढे निघाला! 'रायलं' लावलं म्हणजे अस्सल आपला.

मोहर्लीकडची:
आमचं म्हणतं 'मी करलं', 'बाबा जाला'. हे दुरुस्त करावं का?

जुन्या_शाळेचे_गुरुजी:
बसलं, हसलं, रडलं ऐकून त्यानं स्वतः नियम शोधला आणि 'करलं' बनवलं. कुणी शिकवलेलं नाही, कारण मोठं माणूस असं बोलतच नाही. 'हो का, तू केलंस?' एवढं म्हणा. काही महिन्यांत 'केलं' येईल.

पऱ्हाटीचं_बोंड:
सगळ्यांचं वाचून काढलं, सासूबाईंना मोठ्यानं वाचूनही दाखवलं. जाऊबाई शेजारी बसल्या होत्या. आमच्याकडे असं ठरलं: लेक 'टॅक्टल' म्हणाली की 'हो, ट्रॅक्टर आला' म्हणायचं आणि पुढे बोलत राहायचं. जाऊबाईंना हे पटलं, कारण योग्य शब्द कानावर पडतोच आहे. विस्तव, साप, विहीर, फवारणीचं औषध हे शब्द मात्र त्या स्वतः घोकून घेणार आहेत, आणि त्यात त्यांचं अगदी बरोबर आहे. रात्री सासऱ्यांनी मागून हळूच टाळी वाजवून पाहिली. लेक लगेच वळली आणि म्हणाली, 'हाट.'

शब्दांची वहीसुद्धा केली. तारीख, शब्द, अर्थ, आणि कुणाशी बोलताना म्हणाली ते.

शकुंतलेचा_प्रवासी (मूर्तिजापूर):
वही कराच. माझ्या आईनं पंचांगाच्या मागच्या पानांवर असे शब्द लिहून ठेवले होते. तिच्या अक्षरात मला माझा 'तकुंतला' सापडला. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी आपली शकुंतला गाडी. गाडी आता धावत नाही, पण आम्ही मामाच्या गावी तिनंच जायचो, आणि मी म्हणे फलाटावर सगळ्यांना सांगायचो की तकुंतला माझी मावशी आहे.

साताऱ्याची_सून:
शेवटचं विचारते. तोंडावर पोळा आला आहे. मुलगा दिवसभर म्हणतो, 'पोयाले माया बैय', म्हणजे पोळ्याला माझा बैल. यातलं बोबडं किती आणि वर्ध्याचं किती?

जुन्या_शाळेचे_गुरुजी:
'पोया' आणि 'माया' इथले. 'बैय' त्याचं स्वतःचं, कारण वऱ्हाडी माणूस ळ चा य करतो, ल चा नाही. बैल बैलच राहतो.

साताऱ्याची_सून:
म्हणजे तीन शब्दांत एकच बोबडा! आजेसासऱ्यांना सांगते, त्यांनी लाकडी बैल रंगवायला घेतलाच आहे.

बुढा_वऱ्हाडी:
बैय बी राहू दे वं माय अजून सालभर. अन् तान्ह्या पोयाले त्याचा बैय घेऊन इकडे ये. बोजारा, म्हनजे पोट्ट्याची बक्षिसी, माह्याकडून.